अहिल्यानगर जिल्ह्यातील विकेंद्रित विकास नियोजन

अहिल्यानगर (पूर्वीचे नाव अहमदनगर) जिल्ह्यातील विकेंद्रित विकास नियोजन म्हणजे गाव, तालुका व जिल्हा या पातळ्यांवरील विकासकामांची निवड, त्यांसाठी लागणाऱ्या निधीची तरतूद आणि निरनिराळ्या शासकीय खात्यांच्या कामांची सांगड यांची जबाबदारी ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद या स्थानिक स्वराज्य संस्थांनी सांभाळण्याची व्यवस्था होय. शहरी भागात हीच जबाबदारी महानगरपालिका, नगरपरिषदा व नगरपंचायती यांच्याकडे असते. ग्रामीण व शहरी आराखडे एकत्र करून संपूर्ण जिल्ह्याचा प्रारूप आराखडा तयार करण्याचे काम राज्यघटनेने जिल्हा नियोजन समितीकडे दिले आहे.

विकेंद्रीकरण हा शब्द मराठीत सैलपणे वापरला जातो. वरिष्ठाने आपले काम कनिष्ठाकडून करवून घेणे आणि ते काम कायद्यानेच कनिष्ठ संस्थेचे होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत निर्णय वरचा आणि राबणूक खालची असते. दुसरीत निर्णयही खालचाच असतो. महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांच्या वाट्याला या दोन्ही प्रकारची कामे आलेली आहेत. कोणत्या कामात निर्णय कोणाचा, हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे त्या कामाचा पैसा कोणत्या मार्गाने आणि कोणत्या अटींसह गावात येतो हे पाहणे.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात नगर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे, शेवगाव, पाथर्डी, जामखेड, कर्जत, श्रीगोंदे, पारनेर, अकोले, संगमनेर, कोपरगाव व राहाता असे १४ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४५ लाखांहून अधिक असून ग्रामपंचायतींची संख्या तेराशेहून जास्त आहे. जामखेड तालुक्यातील चौंडी हे अहिल्यादेवी होळकर यांचे जन्मगाव. त्यांच्या नावावरून २०२४ मध्ये जिल्ह्याचे नामांतर झाले.

नियोजनाच्या दृष्टीने या जिल्ह्याचे महत्त्वाचे लक्षण म्हणजे त्याच्या पोटातील विषमता. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीचा भरपूर पाऊस पडतो. तेथेच प्रवरेवर १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा धरण आहे. प्रवरा, मुळा व गोदावरी यांच्या कालव्यांमुळे उत्तरेकडील तालुक्यांत ऊस आला, त्यामागोमाग सहकारी साखर कारखाने, शिक्षणसंस्था व दवाखाने आले. पारनेर, पाथर्डी, जामखेड, कर्जत आणि नगर तालुक्याचा मोठा भाग मात्र पर्जन्यछायेत मोडतो. धरणाचा तालुका असूनही अकोल्याच्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण होते, हे तर आणखी वेगळेच दुखणे.

प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी राज्य शासनाने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये सत्यशोधन समिती नेमली होती. त्या समितीने विकासाचा अनुशेष जिल्हा हे एकक धरून मोजला. या मोजपट्टीची मर्यादा अहिल्यानगरात ठळकपणे दिसते. राहात्याचा ऊस आणि पाथर्डीचा टँकर एकाच सरासरीत मिसळले की आकडा समाधानकारक येतो आणि पाथर्डीची टंचाई त्यात नाहीशी होते. तालुक्यातालुक्यांतील असा फरक जिल्ह्यातच बसून विचारात घेणारी यंत्रणा असावी, हे विकेंद्रित नियोजनाच्या बाजूचे बळकट कारण आहे.

व्यवस्थेची जडणघडण

ग्रामपंचायतींना आजचे कायदेशीर रूप १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाने दिले. तो आता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम या नावाने ओळखला जातो. वसंतराव नाईक समितीच्या १९६१ च्या अहवालानंतर महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ संमत झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. इतर काही राज्यांनी तालुका पातळीवर भर दिला असताना महाराष्ट्राने जिल्हा पातळी बळकट केली. प्राथमिक शाळा, दवाखाने, ग्रामीण रस्ते, पाणीपुरवठा, लघुसिंचन, पशुसंवर्धन ही खाती जिल्हा परिषदेकडे सोपवली गेली. मुख्य कार्यकारी अधिकारी हा जिल्हा परिषदेचा प्रशासकीय प्रमुख, तर महसूल व कायदा-सुव्यवस्था जिल्हाधिकाऱ्याकडे, अशी विभागणी झाली. नियोजनातील आजच्या अनेक तिढ्यांचे मूळ या दोन कार्यालयांच्या शेजारात आहे.

जिल्हा नियोजनाच्या विचाराशी नगर जिल्ह्याचा एक जुना धागा जुळतो. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. पुढे १९६७ ते १९७१ या काळात ते केंद्रीय नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि त्याच काळात, १९६९ मध्ये, आयोगाने जिल्हा आराखड्यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांना पाठवली. महाराष्ट्रात सत्तरीच्या दशकात जिल्हा नियोजन व विकास मंडळे स्थापन झाली, परंतु ती शासकीय आदेशाने नेमलेली होती. त्यांना घटनात्मक आधार नव्हता.

हा आधार ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने मिळाला. पहिली २४ एप्रिल १९९३ रोजी आणि दुसरी १ जून १९९३ रोजी अमलात आली. कलम २४३ छ नुसार पंचायतींनी आर्थिक विकास व सामाजिक न्याय यांसाठी योजना आखाव्यात असे अपेक्षित असून अकराव्या अनुसूचीत त्यासाठी २९ विषय दिले आहेत. मात्र हे विषय राज्य विधिमंडळ 'सोपवू शकेल' अशी या कलमाची भाषा आहे. सोपवणे बंधनकारक नाही. कलम २४३ यघ मध्ये जिल्हा नियोजन समितीची तरतूद आहे. तिच्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्राने १९९८ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला.

निधीचे मार्ग

गावाच्या विकासाचा पैसा एका थैलीत येत नाही. ग्रामपंचायतीच्या दप्तरात तो अनेक खात्यांवर, अनेक लेखाशीर्षांखाली व निरनिराळ्या अटींसह जमा होतो. त्यातला कोणता रुपया ग्रामसभेच्या इच्छेने खर्च करता येतो, हे समजल्याशिवाय आराखड्याचा अर्थ लागत नाही.

पहिला मार्ग स्वतःच्या उत्पन्नाचा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ नुसार घरपट्टी, दिवाबत्ती कर, पाणीपट्टी, बाजार फी इत्यादी बसवता येतात आणि कलम ५७ नुसार ही रक्कम ग्रामनिधीत जमा होते. स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरणावरील जादा मुद्रांक शुल्काची रक्कम जिल्हा परिषद व ग्रामपंचायती यांच्यात विभागली जाते. जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न मुख्यतः जमीन महसुलावरील उपकरातून येते, म्हणून बोलीभाषेत त्याला 'सेस फंड' म्हणतात. ग्रामनिधीतील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखावी लागते. बाकीच्या रकमेवर पंचायतीचा अधिकार बराच मोकळा असतो. अडचण अशी की हे उत्पन्न सर्वत्र सारखे नाही. सुपे औद्योगिक वसाहतीलगतच्या पंचायतीला कारखान्यांची घरपट्टी मिळते. अकोल्यातील विखुरलेल्या वाड्यावस्त्यांच्या पंचायतीला मोजकी कौलारू घरे आणि थकलेली पाणीपट्टी एवढाच आधार असतो. ज्या गावाला गरज जास्त, त्याचे स्वतःचे उत्पन्न कमी, हे जवळजवळ नियमाने घडते.

दुसरा मार्ग केंद्रीय वित्त आयोगाच्या अनुदानाचा. चौदाव्या आयोगाने (२०१५–२०) देशातील ग्रामपंचायतींसाठी सुमारे २ लाख कोटी रुपयांची शिफारस केली आणि हा पैसा थेट ग्रामपंचायतींनाच द्यावा, पंचायत समिती व जिल्हा परिषद यांना त्यात वाटा नसावा असे सुचवले. गावांच्या दृष्टीने ही मोठी घटना होती. ज्या पंचायतीने तोवर एका सिमेंट रस्त्यासाठी तालुक्याच्या खेपा घातल्या होत्या, तिच्या बँक खात्यात दरवर्षी ठरलेली रक्कम येऊ लागली. पंधराव्या आयोगाने पुन्हा तिन्ही स्तरांना सामावून घेतले. २०२१–२६ साठी ग्रामीण संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस झाली आणि महाराष्ट्राने ती विभागण्यासाठी ग्रामपंचायत ८०, पंचायत समिती १० व जिल्हा परिषद १० टक्के असे प्रमाण ठरवले.

या अनुदानाचे बंधित व अबंधित असे दोन भाग आहेत. २०२१–२६ या काळात ६० टक्के रक्कम बंधित आहे. तीतील निम्मी स्वच्छतेसाठी आणि निम्मी पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. उरलेली ४० टक्के रक्कम अबंधित असून ती वेतन व आस्थापनेवर खर्च करता येत नाही. उदाहरणादाखल, एखाद्या पंचायतीला वर्षाला १० लाख रुपये मिळाले तर ६ लाखांची कामे कोणत्या विषयातली असावीत हे आधीच ठरलेले असते आणि ग्रामसभेच्या चर्चेला ४ लाख उरतात. पाणी व स्वच्छता हे विषय महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. पण ज्या गावाने गटारे व नळयोजना आधीच पूर्ण केल्या आहेत आणि ज्याला शाळेची गळकी खोली दुरुस्त करायची आहे, त्या गावाला ही विभागणी काचते.

तिसरा आणि रकमेने मोठा मार्ग जिल्हा वार्षिक योजनेचा. तिचे सर्वसाधारण योजना, अनुसूचित जाती उपयोजना व आदिवासी उपयोजना असे तीन भाग असतात. राज्याचा नियोजन विभाग जिल्ह्याला कमाल मर्यादा कळवतो. तिच्या आत राहून प्रारूप आराखडा तयार होतो. ग्रामीण रस्त्यांचे '३०५४' व '५०५४', ग्रामपंचायतींच्या जनसुविधा, अंगणवाडी व शाळाखोल्यांची बांधकामे, लघुसिंचन, यात्रास्थळे अशी कामे यातून होतात. रस्त्याचे काम मागायला आलेला सरपंच रस्त्याच्या नावाऐवजी लेखाशीर्षाचा आकडा सांगतो, इतके हे आकडे बोलीत रुळले आहेत.

याखेरीज खासदार व आमदार यांचा स्थानिक विकास निधी, ग्रामविकास विभागाच्या '२५१५' या लेखाशीर्षातील मूलभूत सुविधांची कामे, केंद्र पुरस्कृत योजना आणि रोजगार हमीची कामे हे आणखी मार्ग आहेत. '२५१५' व आमदार निधी यांतील कामे लोकप्रतिनिधी सुचवतात. ती ग्रामसभेच्या आराखड्यात असलीच पाहिजेत असा आग्रह व्यवहारात धरला जात नाही. त्यामुळे आराखड्यात नसलेले सभामंडप व पेव्हर ब्लॉक गावात उभे राहतात आणि आराखड्यातला बंधारा पुढच्या वर्षावर जातो.

आराखड्याची रीत

चौदाव्या आयोगाच्या पैशाबरोबर राज्य शासनाने नोव्हेंबर २०१५ मध्ये 'आमचं गाव, आमचा विकास' हा उपक्रम सुरू केला. प्रत्येक ग्रामपंचायतीने पाच वर्षांचा आराखडा व त्यातून दरवर्षीचा वार्षिक आराखडा करावा, अशी त्याची मांडणी आहे. त्यासाठी गावफेरी, शिवारफेरी, महिलासभा, मागासवर्गीयांची सभा, बालसभा अशा पायऱ्या सांगितल्या असून शेवटी ग्रामसभेची मान्यता लागते. शिक्षण, आरोग्य व उपजीविका यांवर किमान २५ टक्के आणि महिला व बालके यांवर १० टक्के खर्च करावा, अशी अट चौदाव्या आयोगाच्या काळात घालण्यात आली. नुसते रस्ते-गटारे म्हणजे विकास ही समजूत मोडण्यासाठी ही अट होती आणि ती योग्यच होती. मंजूर आराखडा पूर्वी 'प्लॅनप्लस' व २०२० पासून 'ई-ग्रामस्वराज' या संकेतस्थळावर भरला जातो.

ही रीत कितपत पाळली जाते, हे ग्रामसभेच्या उपस्थितीवर अवलंबून असते. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल, ती ग्रामसभेची गणसंख्या होय. गणसंख्या न भरल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट राहत नाही. अनेक गावांत आराखडा मंजूर होतो तो अशाच सभेत. मग गेल्या वर्षीची यादी थोडी फिरवून, रक्कम जुळवून संगणकावर चढवली जाते. हे काम ज्याच्या माथी येते तो ग्रामसेवक (२०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी) पुष्कळदा दोन गावांचा कारभार सांभाळत असतो. त्याला दोष देऊन प्रश्न सुटत नाही.

आराखड्यात मुळातच एक उणीव राहते. ग्रामपंचायत आराखडा करते तेव्हा तिला वित्त आयोगाची रक्कम व आपले उत्पन्न यांचा अंदाज असतो. जिल्हा वार्षिक योजनेतून, कृषी खात्याकडून वा आमदार निधीतून आपल्या गावाला काय मिळणार हे ठाऊक नसते. म्हणून आराखडा बहुधा त्या ठाऊक पैशापुरताच होतो. गावाच्या गरजांची पूर्ण यादी आणि गावात येणारा पूर्ण पैसा हे दोन्ही एका कागदावर क्वचितच भेटतात.

हिवरे बाजार आणि इतर गावे

हे दोन्ही एका कागदावर आणण्याचा यशस्वी प्रयत्न म्हणून नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाचा निर्देश नेहमी केला जातो. सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस असलेले हे गाव १९७२ च्या दुष्काळानंतर उजाड झाले होते. माणसे कामासाठी बाहेर जात होती. १९८९ च्या अखेरीस पोपटराव पवार सरपंच झाले. त्याआधीच पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखाली पाणलोटाचे काम उभे राहिले होते आणि त्याच धर्तीवर राज्य शासनाने १९९२ मध्ये आदर्श गाव योजना सुरू केली होती. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी व श्रमदान ही तिची पंचसूत्री. हिवरे बाजारची या योजनेत निवड झाली.

या गावाची कथा बहुतेक वेळा एका कर्तबगार सरपंचाची कथा म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच, पण नियोजनाच्या अभ्यासकाने पैशाचा प्रवास पाहावा. डोंगरावरील समतल चर, झाडांची लागवड, नाला बांध, पाझर तलाव ही कामे एकाच योजनेतून झालेली नाहीत. रोजगार हमी योजना, सामाजिक वनीकरण, वन खाते, कृषी खाते आणि आदर्श गाव योजना असे वेगवेगळ्या खात्यांचे पैसे तेथे आले. फरक एवढाच की माथ्यापासून पायथ्यापर्यंत कोणते काम आधी व कोणते नंतर हे ग्रामसभेने ठरवले होते. खाते आले की त्याला त्याच्या वाट्याचे काम दाखवले जाई. आदर्श गाव योजनेत गावपातळीवरील संस्थेने अंमलबजावणी करायची असते. त्यासाठी गावाने यशवंत कृषी ग्राम व पाणलोट विकास ट्रस्ट ही आपलीच संस्था उभी केली. शासकीय भाषेत ज्याला अभिसरण म्हणतात, ते येथे गावात घडले. जिल्ह्याच्या कार्यालयात नव्हे.

दुसरी गोष्ट पाण्याच्या ताळेबंदाची. ताळेबंद हा शब्द हिशेबनिसांचा. हिवरे बाजारने तो पाण्याला लावला. गावातील पर्जन्यमापक व निरीक्षण विहिरी यांच्या नोंदींवरून पावसाळ्याअखेर किती पाणी हाती आहे हे मांडले जाते. आधी पिण्याचे, मग जनावरांचे, मग शेतीचे असा क्रम लावून रब्बीला कोणती पिके किती घ्यावीत हे ग्रामसभा ठरवते. शेतीसाठी कूपनलिका न घेणे आणि उसासारखी पाणी पिणारी पिके टाळणे हे नियम गावाने स्वतःवर घातले. या ताळेबंदाला पैसा जवळजवळ लागत नाही, मात्र तो नसेल तर झालेला खर्च टिकत नाही. राज्यात डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानातही गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून मग कामे ठरवण्याची पद्धत स्वीकारली गेली. परंतु साठवलेल्या पाण्याच्या उपशावर नियम घालण्याची हिंमत थोड्याच ग्रामसभांनी दाखवली. पोपटराव पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडी येथे वेगळ्या वाटेने तेच साधले गेले. तेथील पाणलोट विकास भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून, फादर हरमन बाखर यांच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टच्या साहाय्याने झाला. पैसा परदेशी मदतीचा व नाबार्डमार्फत आलेला, निर्णय गाव पाणलोट समितीचा आणि आरंभीची अट गावकऱ्यांच्या श्रमदानाची, अशी ही रचना होती. स्थानिक स्वराज्य संस्थेच्या बाहेर समिती उभी केली की काम वेगाने होते. पण प्रकल्प संपल्यावर देखभाल कोणी करायची हा प्रश्न मागे राहतो, आणि ती जबाबदारी अखेर ग्रामपंचायतीकडेच येते.

अकोले तालुक्याच्या अनुसूचित क्षेत्रातील गावांना १९९६ चा पेसा कायदा व त्याखालील महाराष्ट्राचे २०१४ चे नियम लागू आहेत. आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के निधी थेट अशा गावांना द्यावा, असा निर्णय राज्याने एप्रिल २०१५ मध्ये घेतला. हा पैसा ग्रामसभेच्या कोषात जातो आणि पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसा यांची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण-स्वच्छता आणि वन व जलसंधारण यांवर तो खर्च करता येतो. ग्रामसभेच्या निर्णयाला इतका थेट पैसा जिल्ह्यातील इतर कोणत्याही गावाला मिळत नाही. त्याच तालुक्यात राजूर येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची कामे मात्र वेगळ्या यादीने चालतात, हेही येथे नोंदवले पाहिजे.

जिल्हा नियोजन समिती

१९९८ च्या अधिनियमानुसार पालकमंत्री हे समितीचे अध्यक्ष व जिल्हाधिकारी सदस्य-सचिव असतात. समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नागरी संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून, त्यांच्याच मतदानाने, ग्रामीण व शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात निवडले जावेत असा घटनेचा दंडक आहे. जिल्ह्याचा आराखडा जिल्ह्याने निवडलेल्यांच्या हाती असावा, हा त्यामागील हेतू.

समितीचे काम वर्षाच्या ठरलेल्या चक्रात चालते. हिवाळ्यात लहान गटापुढे खात्यांच्या मागण्या तपासल्या जातात, समिती प्रारूपास मान्यता देते, राज्यस्तरीय बैठकीत मर्यादेवर काही वाढ मिळते आणि मार्चमधील अर्थसंकल्पात नियतव्यय ठरतो. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश असे टप्पे असतात. जिल्हा परिषदेला हा निधी खर्च करण्यास पुढील वर्षअखेरपर्यंत मुदत मिळते, तर इतर राज्यस्तरीय खात्यांना त्याच वर्षाच्या ३१ मार्चपूर्वी तो संपवावा लागतो. जिल्हा परिषदेने नवी कामे धरताना आधी मागील अपूर्ण कामांचे दायित्व वजा करायचे आणि उरलेल्या रकमेच्या दीडपटीपर्यंत मान्यता द्यायची, असा प्रघात आहे. या दीडपटीमुळे काम न मिळाल्याची तक्रार कमी होते. तथापि दायित्व साचत जाते आणि चार वर्षांपूर्वीचा रस्ता यंदाच्या पैशाने पुरा होतो. वर्षाच्या अखेरीस ज्या खात्याचा पैसा उरतो तो दुसऱ्याकडे वळवतात. त्याला पुनर्विनियोजन म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये असा पैसा झटपट खर्च होईल अशा कामांकडे जातो, आणि झटपट होणारी कामे ही गरजेची असतातच असे नाही.

घटनेने समितीला केवळ यादी जुळवण्याचे काम दिलेले नाही. कलम २४३ यघ मध्ये पंचायती व नगरपालिका यांच्या सामाईक हिताचे विषय म्हणून स्थलविषयक नियोजन, पाणी व इतर नैसर्गिक साधनांची वाटणी आणि पर्यावरण संरक्षण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात पाण्याची वाटणी हाच कळीचा विषय. तरीही भंडारदरा, निळवंडे व मुळा यांच्या आवर्तनांचा निर्णय जलसंपदा विभागाच्या कालवा सल्लागार समित्यांत होतो, आणि टंचाईच्या वर्षी पैठणच्या जायकवाडी धरणासाठी वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचे हे महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तरतुदीने ठरते. या दोन्ही ठिकाणी जिल्हा नियोजन समितीला स्थान नाही. परिणामी कालव्याखालच्या गावाचा आराखडा आवर्तनाच्या तारखा गृहीत धरून होतो आणि त्या तारखांवर त्या गावाचा किंवा त्याच्या जिल्हा समितीचा शब्द चालत नाही.

राज्याने आपल्या उत्पन्नातील वाटा स्थानिक संस्थांना कसा द्यावा हे सुचवण्यासाठी कलम २४३ झ नुसार दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमावयाचा असतो. महाराष्ट्राचा पाचवा आयोग २०१८ मध्ये व्ही. गिरीराज यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. केंद्रीय आयोगाच्या तुलनेत राज्य आयोगांच्या शिफारशींची चर्चा फारशी होत नाही, वास्तविक जिल्हा परिषदेच्या तिजोरीशी त्यांचा संबंध अधिक जवळचा आहे.

निवडणुकांविना काळ

फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आलेल्या जिल्हा परिषदेची व जिल्ह्यातील पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण व प्रभागरचना यांवरील न्यायालयीन प्रकरणांमुळे राज्यातील बहुतेक जिल्ह्यांप्रमाणे येथेही निवडणुका झाल्या नाहीत. जिल्हा परिषदेवर मुख्य कार्यकारी अधिकारी व पंचायत समित्यांवर गटविकास अधिकारी प्रशासक म्हणून काम पाहू लागले. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी राज्यातील रखडलेल्या स्थानिक निवडणुका चार महिन्यांत घेण्याचा आदेश दिला. त्या आदेशापर्यंत जिल्हा परिषद सदस्यांविना तीन वर्षांहून अधिक काळ गेला होता.

नियोजनावर याचे दोन परिणाम झाले. केंद्रीय वित्त आयोगाचे अनुदान विधिवत निवडून आलेल्या संस्थांसाठी असल्याने जिल्हा परिषद व पंचायत समिती यांच्या १०-१० टक्के वाट्याला फटका बसला. हा पैसा मुख्यतः दोन-तीन गावांना जोडणाऱ्या कामांचा असतो. सामाईक पाणीयोजना, दोन शिवारांमधला पूल, आरोग्य उपकेंद्र अशी कामे एकट्या ग्रामपंचायतीला पेलत नाहीत. दुसरा परिणाम जिल्हा नियोजन समितीच्या रचनेवर झाला. जिथून चार-पंचमांश सदस्य यावयाचे ते जिल्हा परिषदेचे सभागृहच रिकामे असल्याने समितीची बैठक पालकमंत्री, नामनिर्देशित व निमंत्रित सदस्य, आमदार-खासदार आणि अधिकारी यांच्यात होऊ लागली. गटातल्या वाडीचा रस्ता मांडणारा आणि पुढच्या बैठकीत त्याचा जाब विचारणारा सदस्य या काळात सभागृहात नव्हता. त्याची जागा आमदारांच्या शिफारसपत्रांनी घेतली, आणि सरपंचांच्या खेपा पंचायत समितीऐवजी आमदारांच्या संपर्क कार्यालयाकडे वळल्या.

ग्रामपंचायतींच्या निवडणुका मात्र या काळातही टप्प्याटप्प्याने होत राहिल्या आणि त्यांचा ८० टक्क्यांचा वाटा व वार्षिक आराखड्यांचे चक्र चालू राहिले. पंधराव्या आयोगाचा कालावधी ३१ मार्च २०२६ पर्यंतचा असून अरविंद पानगढिया यांच्या अध्यक्षतेखालील सोळाव्या आयोगाचा कालावधी १ एप्रिल २०२६ पासूनच्या पाच वर्षांचा आहे. लोकसंख्येचे आकडे मात्र अजून २०११ चेच वापरात आहेत.